रविवारची गाडी

वरवट बकाल,
मंगळवार, दि. १० डिसेंबर २०२४

ती. ताईस,
वामनचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कानातलं मशीन पुन्हा बंद पडल्याचं तुझ्या नातीनं, छकुलीनं कळवलं. आता तुले फोनवर ऐकू येत नाही अन् मले फोनवर ओरडता येत नाही. मागच्या वेळी ओरडलो तर शेजारचे भांडण समजून धावत आले. म्हणून पुन्हा पाकीट अन् तिकीट. आमचा पोस्टमन म्हणते की गावात हातानं लिहिलेलं पत्र आता फक्त तुमच्याच घरी येते.

इकडे सारे खुशाल. कापसाचा हंगाम जोरात आहे, जिनिंग कारखान्यात श्वास घ्यायले फुरसत नाही. तुझी भावजय पुष्पांजली, तिचा गुडघा थंडीनं कुरकुर करते. जीभ मात्र ठणठणीत आहे.

खरी बातमी फुटबॉलची. आपल्या सातपुडा क्लबचा मतीन तुले आठवत असेल. फातिमाबीचा पोट्टा, आठ नंबरचा शर्ट, मैदानाच्या मधोमध खेळते. गेल्या पावसाळ्यात तू आली होती तेव्हा त्याच्या एका पासवर तू एवढ्या टाळ्या वाजवल्या की बांगडी फुटली. तोच. तर त्याच्यावरून गाव दोन फळ्यांत वाटलं गेलं आहे. पोट्टा एका रविवारी वाघ असते अन् पुढच्या रविवारी ओलं पोतं. एक तारखेले त्यानं एकट्यानं मॅच काढून दिली. आठ तारखेले त्याच पायानं पाच फुटांवर पास देता येईना, हाफटाइमनंतर तर तो चालतच होता. दहा नोव्हेंबरले तसंच, चोवीस नोव्हेंबरले तसंच. सोनाळ्याची मोठी स्पर्धा महिन्यावर आली. अशा माणसाच्या भरवशावर जायचं कसं?

शकूर टेलर त्याच्या बाजूनं आहे. म्हणते की दोनातून एक रविवार असा खेळणारा माणूस तालुक्यात दुसरा दाखवा. मी म्हणतो की वाघ कोणत्या रविवारी येईल हे वाघालेच माहीत नसेल तर आपण पिंजरा घेऊन काय बसायचं? त्यापेक्षा प्रेम बरा. साधा खेळते, पण रोज तेवढाच. शकूरच्या दुकानात यावरून इतकी तोंडातोंडी झाली की एका गिऱ्हाइकाच्या पायजम्याले त्यानं दोन्ही पाय डावेच शिवले. कोणी म्हणते मतीन मोबाइलवर जागते, कोणी म्हणते लग्न झाल्यापासून उमैमानं त्याले घरात बांधलं. मले वाटते अंगात आळस आहे. वीस तारखेले कमिटी बसणार आहे. पाच जणांत माझंही मत आहे. दोन्ही मॅचेस छकुलीच्या मोबाइलवर पाठवल्या आहेत, पाहून सांग.

वडीलपणानं दोन शब्द लिहीत जा, ही विनंती.

तुझा,
वामन

◆

धाड,
सोमवार, दि. १६ डिसेंबर २०२४

चि. वामन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. पुष्पांजलीला सांग, गुडघ्याला एरंडाचं पान गरम करून बांधायचं आणि जिभेला काही बांधायचं नाही, तुझ्या घरात तेवढं एकच औषध आहे.

शाळेत तू गोलपोस्टच्या मागे उभा राहून चेंडू आणून द्यायचास, आणि आज तू खेळाडू ठेवायचा की काढायचा ते ठरवणार! तुझे भाऊजी असते तर हसून हसून त्यांचा चहा सांडला असता. ते वीस वर्षं गोलकीपर होते. ते म्हणायचे की समोरचा थकलाय की लबाडी करतोय हे पायावरून कळतं, तोंडावरून नाही.

तुझ्या दोन्ही मॅचेस मी चार-चार वेळा पाहिल्या. मला आवाज ऐकू येत नाही, म्हणजे तुम्हा लोकांचा आरडाओरडा ऐकू येत नाही, हे एक बरं झालं. मी फक्त त्या मुलाकडे पाहिलं. वामन, आळशी माणूस असा दिसत नाही. आळशी माणूस चेंडू दूर असताना उभा राहतो आणि जवळ आला की पळतो. हा पहिली दहा मिनिटं सगळीकडे पळतो. मग मांड्यांवर हात ठेवून वाकतो. डोक्यावरून चेंडू गेला तेव्हा त्यानं उडी मारली, पण हात खांद्याच्या वर गेलेच नाहीत. थ्रो करताना चेंडू मागे नेला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. मी चौतीस वर्षं नर्स होते. ही पाठ मी ओळखते. ही भुकेल्याची किंवा जागरणाची पाठ नाही. ही ओझं वाहिलेल्या माणसाची पाठ आहे.

तो पोटापाण्याला काय करतो ते तू लिहिलंच नाहीस. आणि मॅचच्या दिवशी सकाळी कुठं असतो? एवढं विचारल्याशिवाय मत देऊ नकोस. माणूस काढायला एक हात वर करावा लागतो. परत आणायला किती हात लागतात हे तुला माहीत नाही.

छकुली तुझ्या पायजम्याच्या गोष्टीवर हसत बसली आहे. पुरे म्हटलं तरी ऐकत नाही. थंडीत डोक्याला रुमाल बांधत जा.

तुझी,
ताई

◆

वरवट बकाल,
सोमवार, दि. २३ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राची वाट पाहून थकलो. इकडे काम उरकलं.

वीस तारखेले संध्याकाळी शाळेच्या पटांगणात कमिटी बसली. पाहायले शंभरेक माणूस जमलं होतं, जणू ग्रामसभाच. अध्यक्ष उत्तमराव अन् आमचा कोच गोविंदा, दोघं काढा म्हणाले. शकूर अन् मेडिकलवाला गोपाल, दोघं ठेवा म्हणाले. राह्यलो मी. सारे माझ्या तोंडाकडे पाहून राह्यले. खरं सांगतो, त्या वेळी छाती जरा फुगली.

मतीनले समोर बोलावलं. मी त्याले म्हटलं की बाबा, एक रविवार असा अन् एक रविवार तसा काऊन होते, ते सगळ्यांसमोर सांग, आम्ही ऐकून घेऊ. त्यानं बाकी कोणाकडे पाह्यलं नाही. माझ्याकडे पाह्यलं. बराच वेळ पाह्यलं. मग मान खाली घालून म्हणाला की काही सांगायचं नाही. मी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा मी उत्तमरावले म्हटलं, लिहा, प्रेमचं नाव लिहा.

शकूर उठून गेला. तीन दिवस झाले, माझ्याशी बोलत नाही. मतीननं शर्ट घडी करून टेबलावर ठेवला अन् जाताना मले सलाम केला. रागानं पाय आपटत गेला असता तर बरं वाटलं असतं.

असो. संघासाठी कठोर व्हावंच लागते.

ता. क. — पाकीट बंद करत होतो तर तुझं सोळा तारखेचं पत्र आलं. धाडहून इथवर सात दिवस! तू विचारलं म्हणून लिहितो. मतीन जिनिंगमध्ये हमाली करते. आमच्याच. बाकी मॅचच्या दिवशी सकाळी कोण कुठं असते याचा हिशेब मी कुठं ठेवू? तब्येत सांभाळ. लोभ आहे तो असाच राहू दे.

तुझा,
वामन

◆

धाड,
सोमवार, दि. ३० डिसेंबर २०२४

चि. वामन यास,
आशीर्वाद.

‘आमच्याच’ हा शब्द मी तीनदा वाचला.

दिवाळीत तू इथं आला होतास, तेव्हा फराळाला बसून मोठ्या ऐटीत सांगत होतास. एक रविवार आड कापसाच्या गाठींचा ट्रक लागतो, शेठची ताकीद असते, पण मी पहाटे पाचला माणसं लावून दहाच्या आत गाडी गेटबाहेर काढतो, म्हणून मला दुपारी मॅचला जाता येतं. छकुलीनं मला ते वहीवर लिहून दाखवलं होतं. ते पान अजून आहे.

त्या गाडीवर कोण असतं, वामन? ती माणसं कोण लावतं?

बाकीचं नंतर. आधी याचं उत्तर पाठव.

ताई

◆

वरवट बकाल,
सोमवार, दि. १३ जानेवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र सहा तारखेलेच मिळालं. आठ दिवस उशाखाली ठेवलं. पुष्पांजलीनं विचारलं की ताईची तब्येत बरी नाही का. मी म्हटलं, ताईची बरी आहे.

काल सोनाळ्यात फायनल झाली. आपण जिंकलो, एक-शून्य. गोल प्रेमच्या पासवर झाला. लोकांनी त्याच्या आधी मले खांद्यावर घेतलं. उत्तमरावनं माइकवर सांगितलं की वामनरावनं वेळेवर कठोर निर्णय घेतला म्हणून हा कप आला. हार घातला. माझ्या तोंडात पेढा कोंबला. आपण हरलो असतो तर मी तुले एका ओळीत कबूल केलं असतं. जिंकल्यामुळे लिहिणं अवघड झालं.

तर ऐक. माणसं मी लावतो. हमालांच्या टोळीत चौदा जण आहेत. कोणाले गाडीवर घ्यायचं ते शनिवारी मी चिठ्ठीवर लिहितो. एक गाठ दीड क्विंटलच्या वर असते, चार-चार जण लोखंडी आकडे लावून फळीवरून ढकलत ट्रकमध्ये चढवतात, अशा शंभर गाठी. रविवार म्हटलं की बाकीचे कारणं सांगतात, कोणाचा बाजार, कोणाचं देवदर्शन. मतीन सांगत नाही. अन् तो असला की गाडी दहाच्या आत निघते, नसला तर बारा वाजतात. बारा वाजले तर मले आंघोळ, जेवण अन् दुपारची झोप उरकून चारले मैदानावर पोचता येत नाही. म्हणून दर गाडीले पहिलं नाव त्याचंच. दहा नोव्हेंबर, चोवीस नोव्हेंबर, आठ डिसेंबर. तूच पाहा. तिन्ही माझ्या चिठ्ठ्या आहेत, माझ्या अक्षरात. पावसाळ्यात जिनिंग बंद होतं तेव्हा तो दर रविवारी वाघच होता.

म्हणजे मी त्याचे पाय सकाळी वापरून घ्यायचो अन् दुपारी सावलीत बसून म्हणायचो की याच्या पायात जीव नाही.

हे तू विचारल्यावर माझ्या ध्यानात आलं, असं लिहिलं तर तू मानशील. पण ते खरं नाही. हंगाम सुरू झाला तेव्हा तो माझ्या घरी आला होता. म्हणाला, काका, बाकीच्या सहा दिवसांत दुप्पट गाड्या लावा, फक्त मॅचचा रविवार सोडा. मी त्याले सांगितलं की काम हे काम अन् खेळ हा खेळ, तुले सोडलं तर टोळी म्हणेल की वामनराव आपल्या क्लबचा माणूस सोडते. ‘हाव काका’ म्हणून मान डोलावून तो गेला. ते मी विसरलो नव्हतो. कमिटीत तो माझ्याकडे पाहत होता तेव्हाही विसरलो नव्हतो. मले फक्त एवढंच वाटलं की हा बोलला तर शंभर माणसांत माझं काय राहील. तो बोलला नाही, अन् मले सुटल्यासारखं वाटलं. म्हणून तर एवढ्या घाईनं ‘लिहा’ म्हटलं.

शेठनं गाडी काढा एवढंच सांगितलं होतं. मतीनले लावा असं कधीच म्हटलं नव्हतं.

अन् कालच्या बारा तारखेले तर गाडीही नव्हती. तो शर्ट घालून आला असता तर वाघच असता. तो आला होता, ताई. दोरीच्या बाहेर, सोनाळ्याच्या लोकांत उभा राहून पाहत होता. आपल्या गोलवर त्यानं टाळ्या वाजवल्या.

उद्या संक्रांत. तिळगूळ पाठवत नाही. तोंड नाही.

तुझा,
वामन

◆

धाड,
सोमवार, दि. २० जानेवारी २०२५

चि. वामन यास,
अनेक आशीर्वाद. आज ते मनापासून लिहिते आहे.

तुझं पत्र वाचून मी रागावले, मग रडले, मग भाकरी थापायला बसले. पत्र चांगलं आहे. खरं आहे. पण ते तू मला लिहिलंस. मी काही तुझ्या गाडीवर गाठी चढवल्या नाहीत. बहिणीपाशी कबूल करणं सोपं असतं रे, ती रागावते आणि जेवायला वाढते.

माझी एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तुझ्या भाऊजींनाही नाही. मी नोकरीत असताना, गाव मुद्दाम लिहीत नाही, दवाखान्यातल्या लसींचा फ्रीज दोन दिवस बंद राहिला. वीज गेली होती आणि जनरेटर लावायला सांगायचं मी विसरले. सगळ्या लसी वाया गेल्या. चौकशी आली तेव्हा साहेबांनी विचारलं की फ्रीजची किल्ली कोणाकडं असते. किल्ली आमच्या आया कलाबाईकडं असायची. मी म्हटलं, कलाबाईकडं. खोटं काहीच बोलले नाही बघ. विचारलं तेवढंच सांगितलं. तिची बदली पार घाटाखाली झाली, मुलांची शाळा मोडली. तिला गाडीत बसवून द्यायला मी स्टँडवर गेले. तिनं मला अर्धा डझन केळी घेऊन दिली आणि म्हणाली की सिस्टर, तुम्ही उपाशीपोटी राहत जाऊ नका.

पुढं कधीतरी सांगू म्हणून मी नऊ वर्षं काढली. दहाव्या वर्षी कळलं की ती वारली. आता मी कोणाला सांगू? तुला सांगते आहे, पण तू कलाबाई नाहीस.

तुझा मतीन रोज तुझ्या समोरून जातो. एवढं नशीब तुझं आहे, ते वाया घालवू नकोस. आणि कोपऱ्यात गाठून हळूच माफी मागू नकोस. ज्या पटांगणात, ज्या लोकांसमोर हात वर केलास, तिथंच बोल. नोकरीची भीती असेल तर ती धरूनच बोल. मी आहे.

तिळगूळ मी पाठवते आहे. तोंड नसेल तर पुष्पांजलीला दे.

तुझी,
ताई

◆

वरवट बकाल,
मंगळवार, दि. २८ जानेवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी आलं, म्हणून रविवारी बोलता आलं. कलाबाईबद्दल मी काही लिहीत नाही. वाचलं, एवढंच.

सव्वीस जानेवारीले झेंडावंदन झाल्यावर पटांगणात कपाच्या मानकऱ्यांचा सत्कार होता. मले बोलायले उभं केलं. मी सगळं सांगितलं. गाडी, चिठ्ठी, त्याचं घरी येऊन मागणं, माझं नाही म्हणणं, अन् त्या संध्याकाळी तो माझ्याकडे काऊन पाहत होता ते.

तुले वाटत असेल की लोक चिडले असतील. मीही तशीच तयारी करून गेलो होतो. कोणी चिडलं नाही, ताई. उत्तमराव हसून म्हणाले की वामनरावचं मन लय मोठं, अन् लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोविंदा माझ्या कानात म्हणाला की जाऊ द्या ना हो, कप आला ना. जिलेबी वाटली. मी चूक सांगितली अन् त्याचाही सत्कार झाला. एकट्या शकूरनं टाळी वाजवली नाही. तो जवळ आला, म्हणाला, मतीन इथं आहे का? नव्हता. झेंडावंदन करून घरी गेला होता. शकूर म्हणाला, मग कोणाले सांगितलं बे तू?

मी तिथूनच मतीनच्या घराकडे निघालो. दारापाशी गेलो अन् उमैमा अंगणात कपडे वाळत घालताना दिसली. तिनं पदर सावरला, सासूले हाक मारली. फातिमाबी बाहेर आली, म्हणाली, या भाऊ, बसा, चाय ठेवते. तिच्या आवाजात काही कडू नव्हतं. मले बसवेना. मतीन आहे का विचारलं, तो सोनाळ्याले गेला म्हणाली. चहा न घेता परत आलो. मग रात्रभर मनात जुळवलेलं सकाळी कागदावर उतरवलं, कमिटी परत घ्यायले तयार आहे हेही लिहिलं, अन् शकूरच्या हातून त्याले पाठवलं. तू म्हणशील, याले पत्रच लिहिता येतात. खरं आहे.

शेठलेही सांगितलं की रविवारची गाडी आता चौदा जणांत पाळीनं लागेल, बाराच्या आत निघणार नाही. शेठ म्हणाला, मले सोमवारी माल पोचला पाहिजे, बाकी तुम्ही जाणा. एवढं सोपं होतं ते. नोव्हेंबरातही एवढंच सोपं होतं.

आशीर्वाद दे, मागतो आहे म्हणून.

तुझा,
वामन

◆

वरवट बकाल,
मंगळवार, दि. ४ फेब्रुवारी २०२५

आदरणीय वामनकाका यांस,
मतीनचा सलाम.

तुमची चिठ्ठी शकूरचाचांनी दिली. दोनदा वाचली, एकदा अम्मीला वाचून दाखवली. माझं मराठी दहावीपर्यंतचं आहे, चुकलं तर समजून घ्या.

त्या संध्याकाळी मी तुमच्याकडे पाहिलं, ते तुम्ही सांगाल असं मला वाटलं म्हणून. मी सांगितलं असतं तर लोकांना ते निमित्त वाटलं असतं. हमालानं सुपरवायझरचं नाव घेतलं असं झालं असतं. तुम्ही सांगितलं असतं तर तीच गोष्ट खरी ठरली असती. म्हणून मी थांबलो. तुम्ही ‘लिहा’ म्हणालात तेव्हा मला शर्ट गेल्याचं तेवढं वाटलं नाही. अब्बा गेल्यावर तुम्हीच मला टोळीत घेतलं होतं, म्हणून वाटलं.

अम्मी म्हणते की ज्यानं कामाला लावलं त्याच्याशी वाकडं बोलायचं नाही. उमैमा म्हणते की मग बोलायचं कोणाशी. घरात दोन पार्ट्या आहेत, तुमच्या कमिटीसारख्या.

तुम्ही लिहिलं की कमिटी मला परत घ्यायला तयार आहे. मेहेरबानी. पण प्रेमनं फायनल जिंकून दिली आहे, त्याचा शर्ट मी का काढू? तो चांगला पोट्टा आहे. मला सोनाळ्याच्या क्लबनं बोलावलं होतं, मी हो म्हणालो. सोळा तारखेला त्यांची मॅच आपल्याच क्लबशी आहे, तुम्हाला माहीत असेल.

एक विनंती. मला आता गाड्यांतून सूट देऊ नका, लाड करू नका. पाळीनं लावा. माझी पाळी आली तर मी येईन. सोळा तारखेला पाळी माझीच आहे, मी मोजलं आहे. तरी येईन.

तुम्ही माफी मागितली. मी माफ केलं असं लिहायला बसलो होतो, पण तसं अजून वाटत नाही आणि खोटं लिहायचं नाही. वाटलं की सांगेन.

काकूंच्या गुडघ्याला आराम असो.

आपला,
मतीन

◆

वरवट बकाल,
मंगळवार, दि. १८ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आलं आहे, माफ कर. उजवा हात अजून मुठीत मिटत नाही. कारण सांगतो.

मतीनच्या चिठ्ठीची नक्कल मी तुले पाठवली होती. सोळा तारखेच्या गाडीवर त्याची पाळी होती. शनिवारी मी चिठ्ठी लिहिली, त्यात त्याच्या जागी माझं नाव टाकलं. सूट देऊ नका म्हणाला होता, म्हणून पुढच्या गाडीवर त्याचं नाव घातलं अन् टोळीले सांगितलं की आम्ही पाळी बदलली. पुष्पांजलीनं कपाळावर हात मारला. छप्पन्न वर्षांचा माणूस, तीस वर्षांत आकडा हातात धरला नाही.

पहाटे पाचले लागलो. पहिल्या दहा गाठींपर्यंत मले वाटलं की जमते. पंचविसाव्या गाठीले कमरेतून कळ निघाली ती मानेपर्यंत. टोळीतले म्हणाले, साहेब, तुम्ही बाजूले व्हा. मी झालो नाही. चाळीस गाठींनंतर मात्र त्यांनी मले धरूनच बाजूले बसवलं. माझ्यामुळं बाकीच्या तिघांवर वजन येत होतं. तेव्हा कबूल करतो की अर्धीसुद्धा गाडी माझ्यानं झाली नाही. गाडी सव्वाबाराले निघाली. भाकर खायले हात तोंडापर्यंत जाईना. खांद्याच्या वर तर जातच नव्हते. तू लिहिलं होतं, ती पाठ त्या दिवशी माझी होती. अन् मले चारले फक्त बसून पाहायचं होतं.

जीपनं सोनाळ्याले गेलो. कोणत्या बाजूले बसावं कळेना, म्हणून गोलपोस्टच्या मागे जाऊन बसलो.

आता तुले वाटेल की आराम करून आलेला मतीन वाघासारखा खेळला असेल. मलेही तेच वाटत होतं. ताई, खरं सांगू, मी तेच मागून राह्यलो होतो. तो एकदा चमकला असता की माझं ओझं थोडं हलकं झालं असतं.

तो लय वाईट खेळला. पहिल्याच मिनिटाले चेंडू पायाखालून गेला. दोनदा समोरच्याच्याच पायात पास दिला. एक सोपा गोल आभाळात मारला. थकलेला नव्हता, पळत होता, उड्या मारत होता, पण काहीच जुळत नव्हतं. आपण दोन-शून्यनं जिंकलो. आपले लोक ओरडून राह्यले होते, पाह्यलं का, वामनराव उगाच रडले, पोट्टा आहेच असा! गोविंदानं मले लांबून अंगठा दाखवला.

अन् तिथं बसल्या-बसल्या माझ्या मनात आलं की त्याचा एखादा रविवार त्याचा स्वतःचा वाईट असू शकते, जसा कोणाचाही असते. आजवर मी त्याचे वाईट रविवारही त्याच्याजवळ राहू दिले नव्हते. ते सगळे माझे होते. हा पहिला त्याचा. तो चांगला खेळला असता तरी मी चुकलोच होतो अन् वाईट खेळला तरी चुकलोच आहे. त्याच्या खेळावर माझी चूक कमी-जास्त होत नाही.

मॅच संपल्यावर उठायले गेलो तर उठता येईना. मांड्या दगड झाल्या होत्या. लोक पांगले. मतीन बूट हातात घेऊन माझ्याकडे आला. टोळीतल्या कोणीतरी त्याले सांगितलं असावं. त्यानं काखेत हात घालून मले उभं केलं. थोडं हसला अन् म्हणाला की काका, आज गाडी नव्हती, आजचा खेळ माझाच. मी म्हटलं, हाव.

मग त्यानं विचारलं की मोटारसायकलवर सोडू का वरवटले. मी म्हटलं, नको, जीपनं जातो. एरवी असं म्हटलं तर आपल्याकडे कोणी ऐकत नाही, ओढून बसवतात. त्यानं आग्रह केला नाही. जीप सुटेपर्यंत मात्र बाजूले उभा राह्यला.

तब्येतीस जप. तुझ्या मशीनसाठी बुलडाण्याले जायचं असेल तर कळव, मी येतो. रविवार सोडून कोणताही वार चालेल.

तुझा,
वामन